वर्ग सुटल्यानंतरचे शब्द

मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची एक तक्रार कल्याणपासून ठाण्यापर्यंत सारखीच ऐकू येते. सोमवारी फळ्यावर लिहून दिलेले शब्दार्थ गुरुवारी विचारले, की वर्ग गप्प. उपायही सगळीकडे ठरलेला असतो: प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणा. मुलं इमानेइतबारे लिहून आणतात. वही भरते, लाल शाईची सही होते आणि पुढच्या सोमवारी परत तोच प्रकार.

यात मुलांचा आळस नाही आणि शिक्षकांची कुचराईही नाही. दहा वेळा लिहिताना मूल वरच्या ओळीत पाहून खालच्या ओळीत उतरवतं. शब्द सतत डोळ्यांसमोर असल्यामुळे तो डोक्यातून काढायची वेळच त्याच्यावर येत नाही. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आला तो शब्द काहींना पुन्हा विचारलाच नाही, फक्त वाचायला दिला. इतरांना तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानंतर सगळ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा सतत विचारलं गेलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले आणि विचारणं थांबवलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. जास्त वेळा वाचल्यामुळे म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. मुरबाडहून कल्याणला शिकायला आलेल्या मुलाला इंग्रजी शब्द जवळपास तितकाच परका असतो, जितका त्या विद्यार्थ्यांना स्वाहिली होता. त्यामुळे हा निष्कर्ष आपल्या ‘दहा वेळा लिही’ला थेट लागू पडतो.

शब्द विचारावा लागतो, तसाच तो वेळेवर विचारावा लागतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचं मोजमाप मांडलं. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम कमी लागतात ते मोजायचं, अशी त्याची रीत होती. एका दिवसानंतर श्रमांची ही बचत एक तृतीयांशाच्या आसपास उरे. मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे सोमवारच्या शब्दाला खरी गरज असते ती सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी. त्या वेळी शाळा बंद असते किंवा पुढचा धडा सुरू झालेला असतो.

वर्गाबाहेरच्या तंत्रज्ञानाचं काम नेमकं इथे आहे. पालकांना वाटतं, फोनमधून मुलाला नवनवे शब्द मिळावेत. ॲप बनवणारेही ‘रोज वीस नवे शब्द’ अशीच जाहिरात करतात. नवे शब्द पाठ्यपुस्तकात आहेत, गाईडमध्ये आहेत, पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतही होते. शब्दांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. तुटवडा आहे तो शिकलेला शब्द ठरावीक अंतराने परत समोर आणून ‘सांग पाहू’ म्हणणाऱ्याचा. फोनला हे काम न कंटाळता करता येतं आणि त्याला याच कामाला जुंपावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे अंतर किती असावं? पॉल पिम्सलर या भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९६७ साली त्याचं एक वेळापत्रक सुचवलं. शब्द शिकल्यावर ५ सेकंदांनी, २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाभराने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी तो पुन्हा विचारायचा. आकडे तंतोतंत पाळायची गरज नाही. दर वेळी अंतर वाढत जातं, हे महत्त्वाचं.

डोंबिवलीहून ठाण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे वेळापत्रक पाठ करावं लागणार नाही, कारण ते तिच्या स्लो लोकलमध्ये तयार आहे. डोंबिवलीला गाडीत चढल्यावर पाच शब्द ऐकायचे आणि लगेच मनात म्हणून पाहायचे. दोन-तीन मिनिटांत कोपर येतं, तिथे पाचही आठवायचे. मग दिवा. मुंब्र्याच्या आसपास दहा-बारा मिनिटं झालेली असतात, तिथे तिसऱ्यांदा. कळवा गेलं की ठाण्याला उतरण्याच्या गडबडीआधी एकदा. संध्याकाळी परतीच्या गाडीत सकाळचेच पाच शब्द, नवे नाहीत. दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या आधी कालचे, मग आजचे. महिन्याचा पास संपायच्या सुमारास पंचविसाव्या दिवसाची उजळणी येते. तिमाही पास असेल, तर पुढचा पास काढल्यावर महिन्याभराने चार महिन्यांची. यासाठी स्क्रीनकडे पाहावं लागत नाही आणि सकाळी आठच्या गाडीत ते शक्यही नसतं. डोंबिवलीच्या गर्दीत हात वर काढता येत नाही, तिथे फ्लॅशकार्डचं ॲप कोण उघडणार? म्हणून या मार्गावर कानाने शिकणं हेच खरं. गाडीत चढण्याआधी ध्वनिफीत लावायची, फोन बॅगेत ठेवायचा आणि बॅग पुढे घ्यायची. दारात उभं राहून फोन हातात धरू नये. रुळांलगत थांबून प्रवाशाच्या हातावर फटका मारणाऱ्या टोळ्यांमुळे लोकांचे फोन गेले आहेत, काहींचे जीवही. आणि कानात काही घालून रूळ कधीच ओलांडू नयेत, कितीही उशीर झालेला असो.

याच मार्गावर १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. आज इथल्या गाड्यांत तीन भाषा एकामागोमाग ऐकू येतात: पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. फलाटावर गाडी उशिरा असल्याची घोषणा होते तेव्हा दिलगिरीही तीन भाषांत व्यक्त होते. इतकं इंग्रजी रोज कानावर पडत असताना वीस वर्षं लोकलने जाणाऱ्या माणसाला ‘रिग्रेट’ हे क्रियापद स्वतःच्या वाक्यात का वापरता येत नाही? कारण मराठी घोषणा आधी होते. अर्थ कळला की कान मिटतात. पुढचं इंग्रजी नुसता आवाज म्हणून निघून जातं. शब्द नुसता ऐकू येणं आणि त्याच्याकडे लक्ष जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषा शिकायला दुसरी लागते. यावर एक साधा उपाय फोनमध्येच आहे. घोषणा रेकॉर्ड करायची, घरी मराठी-हिंदीचा भाग कापून फक्त इंग्रजी ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच ऐकून मराठीत सांगायचं. मग तोच शब्द आपल्या बोलण्यात घ्यायचा: तुझ्या वाढदिवसाला येता आलं नाही, आय रिग्रेट इट. घोषणेतला शब्द त्या दिवसापासून आपला होतो.

हे झालं कॉलेजच्या मुलीचं. तिच्याकडे स्वतःचा फोन आहे. पाचवीतल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि शिक्षकांनी खरा विचार करायचा तो त्याचाच.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून असे. पहिलीपासून शिकलेल्या त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता तिशीत आहेत, काहींची स्वतःची मुलं शाळेत जाऊ लागली आहेत. म्हणजे आज बऱ्याच घरांत इंग्रजीची दहा वर्षं पाहिलेले आई किंवा बाबा आहेत आणि स्मार्टफोनही आहे. अडचण ही, की तो फोन सकाळी सातला बाबांच्या खिशातून घराबाहेर पडतो. दिव्याला, कळव्याला, कल्याण पूर्वेला चाळीत राहणाऱ्या कुटुंबात तो रात्री साडेआठ-नऊला परत येतो, तेव्हा त्याची बॅटरी संपत आलेली असते आणि मूल झोपेला आलेलं असतं. करोनाच्या टाळेबंदीत हे ठळकपणे दिसलं. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोजच्या धड्यांचे दुवे व्हॉट्सॲपवरून पालकांपर्यंत जात. सुरुवातीला बाबा घरी होते, फोनही घरी होता. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्या. रुग्णालयात, पालिकेत काम करणाऱ्यांचे फोन गाडीत चढले आणि त्यांच्या मुलांची शाळाही त्यांच्याबरोबर गाडीत चढली. त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. तिचं मोठेपण हेच होतं, की टीव्ही कामावर जात नाही.

घरात फोन असला, तरी तो अभ्यासाला लागतोच असंही नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरील अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के निघाले आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. ही पाहणी ग्रामीण भारताची आहे, ठाणे-डोंबिवलीसारखी शहरं तिच्यात येत नाहीत. पण चाळीत आणि सोसायटीत चित्र फार वेगळं असेल, असं मानायला मला तरी जागा दिसत नाही.

मग पाचवीच्या शिक्षकाने काय करावं? व्हॉट्सॲपवर चाळीस सेकंदांची एक ध्वनिफीत पाठवावी. इतकं सोपं साधन हाताशी असताना आपण ते वाया घालवतो, म्हणून ती कशी करावी हे जरा तपशिलात सांगतो. बहुतेक शिक्षक फीत अशी करतात: ‘स्पिल म्हणजे सांडणे, बॉइल म्हणजे उकळणे.’ ही वहीतली यादीच झाली, फक्त आवाजात. त्याऐवजी असं करून पाहा. आधी मराठीत एक घरचं वाक्य म्हणा: ‘आईच्या हातून दूध सांडलं. सांडणं?’ आणि गप्प राहा. पूर्ण तीन सेकंद. मग सांगा, ‘स्पिल. द मिल्क स्पिल्ड.’ पुढचं: ‘चहा उकळतोय. उकळणं?’ पुन्हा तीन सेकंद. ‘बॉइल. द टी इज बॉइलिंग.’ ‘रिक्षावाल्याने सुट्टे पैसे परत दिले. सुट्टे?’ तीन सेकंद. ‘चेंज.’ या तीन सेकंदांच्या शांततेतच सगळं शिकणं होतं, कारण मूल तेवढ्यात शब्द डोक्यात शोधतं. शांतता काढून टाकली, की तीच फीत निरुपयोगी होते. रेकॉर्ड करताना आपल्याला ती फार लांब वाटते, म्हणून मनात आकडे मोजावेत.

फितीतल्या पाच शब्दांपैकी दोनच आजचे असावेत. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. यासाठी शिक्षकाला टाचणवहीत तारखेनुसार शब्दांची एक ओळ ठेवावी लागते, एवढाच खटाटोप. फीत रात्री साडेआठनंतर पाठवावी, दुपारी दीडला नव्हे. दुपारी आलेली फीत बाबांच्या फोनमध्ये ऑफिसच्या पन्नास संदेशांखाली गाडली जाते. आणि दुसऱ्या दिवशी तासाच्या पहिल्या दोन मिनिटांत तेच पाच शब्द वर्गात विचारावेत. वर्गात विचारलं जाणार नाही हे मुलांना एकदा कळलं, की फीत ऐकणं आठवड्याभरात बंद पडतं.

साठ मुलांची उत्तरं शिक्षक ऐकू शकत नाही, म्हणून उत्तरं ग्रुपवर मागवूच नयेत. मुलाने आईला किंवा भावंडाला उत्तर ऐकवलं तरी पुरे. ग्रुपमध्ये संदेश पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवावी, नाहीतर सुप्रभात आणि फुलांच्या चित्रांत फीत सापडत नाही. मुलींच्या पालकांना आपला नंबर साठ घरांत जावा असं वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. तिच्यात कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. फक्त पालकांनी शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला हवा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली नाही, तर अर्ध्या घरांत संदेश पोचत नाहीत आणि शिक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

थोडे शब्द, वरचेवर आणि शिकवणाऱ्याकडूनच पाठवले गेलेले, ही कल्पना जपानमध्ये तपासून झालेली आहे. पॅट्रिशिया थॉर्नटन आणि क्रिस हाउसर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांना मोबाइलवर दिवसातून तीन वेळा इंग्रजी शब्दांचे छोटे धडे पाठवले होते. तोच मजकूर देऊन ‘नियमित अभ्यास करा’ एवढंच ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापेक्षा ही मुलं जास्त शब्द शिकली. मजकूर सारखा असताना फरक पडला तो धडा वेळेवर समोर येण्यामुळे. शेजारच्या बांगलादेशात बीबीसीने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीबीसी जानाला’ ही सेवा सुरू केली. साध्या फोनवरून ३००० हा क्रमांक फिरवला, की तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकू येई. स्मार्टफोन लागत नव्हता आणि इंटरनेटही.

खेळांच्या ॲपबद्दल मात्र मी सावध आहे. ती वाईट नसतात, पण बहुतेक ॲप दुसऱ्या कुणाच्या तरी बालपणावर बेतलेली असतात. बर्कली विद्यापीठाच्या मॅथ्यू कॅम यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत इंग्रजी शिकवणारे मोबाइल खेळ करून पाहिले, तो ‘मिली’ नावाचा प्रकल्प इथे आठवतो. परदेशी व्हिडिओ गेमच्या रीती त्या मुलांच्या पचनी पडेनात, तेव्हा संशोधकांनी गावातल्या मुलांचे पारंपरिक खेळ अभ्यासले आणि त्यांच्यावर नवे खेळ रचले. आपल्याकडे हे काम शिक्षकच करू शकतो, आणि त्यासाठी त्याला सॉफ्टवेअर लिहावं लागत नाही. मुलांनी घरातल्या, बाजारातल्या, रिक्षा स्टँडवरच्या वस्तूंचे फोटो काढायचे, शिक्षकाने त्यांना शब्द जोडायचे. दिव्याच्या मुलाला बर्फातल्या घराचं चित्र दाखवून शिकवलेला शब्द आणि त्याच्याच गल्लीतल्या पाण्याच्या पिंपाच्या फोटोवर शिकवलेला शब्द यांत कुठला टिकेल, हे सांगायला नकोच.

टीव्हीवरच्या इंग्रजी कार्टूनचं थोडक्यात सांगतो. हिंदीत डब केलेलं पाहून इंग्रजी येत नाही, हे उघड आहे. खाली हिंदी ओळी असल्या, तरी डोळे त्याच वाचतात आणि कान सुटी घेतात. ध्वनी इंग्रजी आणि ओळीही इंग्रजी ठेवाव्यात. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी १९९६ पासून गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी देण्याचा आग्रह धरत आले. त्यांचा हेतू लोकांचं आपापल्या भाषेतलं वाचन सुधारण्याचा होता. ऐकू येणारा शब्द त्याच क्षणी अक्षरांत दिसणं, हा त्यातला फायदा इंग्रजीलाही तितकाच लागू आहे. स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत आपल्या मुलांना सर्वांत जास्त छळते, तिच्यावर याहून स्वस्त औषध मला माहीत नाही. तोच दहा मिनिटांचा भाग दोनदा पाहावा. यूट्यूबने आपोआप टाकलेल्या ओळींत चुका असतात, म्हणून शक्यतो माणसाने तयार केलेल्या ओळी निवडाव्यात.

एकूण शब्द किती लागतात, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. याचं जुनं उत्तर आपल्याच उपखंडात घडलं. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना बंगालच्या मुलांचे हाल दिसले आणि त्यांनी मोजक्या, सतत लागणाऱ्या शब्दांतली वाचनपुस्तकं तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द त्या यादीत सापडतात. न अडखळता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं, तर भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाने आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ). या दोन आकड्यांमधलं अंतर पाहून घाबरायचं कारण नाही. शाळेने पहिले दोन हजार पक्के करून द्यावेत. आठवड्याला दहा शब्द, वर्षाला चाळीस आठवडे, म्हणजे पहिली ते पाचवी मिळून हा आकडा गाठता येतो. अट एकच, की दिलेला शब्द परत परत विचारला गेला पाहिजे. पुढचे हजारो शब्द वाचनातून येतात. त्यासाठी कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. वाचनाची सवय आधी मराठीत लागली, की ती इंग्रजीतही उतरते.

ज्या घरी फोनच नाही, त्या मुलासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सुचवलेली पुठ्ठ्याची पेटी आहे. तिला पाच कप्पे असतात. कागदाच्या चिठ्ठीवर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहायचं. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे उत्तरोत्तर उशिरा. अँड्रॉइड फोनवर मोफत मिळणारं अंकी हे ॲप आज हेच काम करतं आणि चिठ्ठी पुन्हा कधी काढायची हे स्वतः ठरवतं. चपलांच्या खोक्यात बनवलेली पेटी त्याच तत्त्वावर चालते आणि तिला चार्जिंग लागत नाही. ठाण्या-कल्याणच्या प्रत्येक मराठी शाळेने पाचवीच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला ही पेटी करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि शिक्षकांना एक सांगणं. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत ॲपची नावं वाटण्याआधी प्रत्येक पालकाला एवढंच विचारा, की घरातला फोन संध्याकाळी किती वाजता घरी येतो. ती वेळ हजेरीपटात मुलाच्या नावासमोर लिहून ठेवा आणि वर्षभराचे शब्द त्या वेळेला पाठवा.